वरच्या खोलीची कडी

९ ऑगस्ट २००९, रविवार

उद्या मला कोंडणार. रणजित म्हणतो, "आई, कोंडणार काय म्हणतेस? आयसोलेशन म्हण." जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसऱ्यांच्या पोरांना शब्द शिकवले, आता माझा पोरगा मला शिकवतो.

माघात गळ्यातली गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. आता उरलंसुरलं जाळायला किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी गिळायची आहे. ती पोटात गेली की काही दिवस माझ्या अंगातूनच किरण बाहेर पडणार, म्हणून माणसांपासून लांब राहायचं. हे औषध मी दोनदा पुढे ढकललं. एकदा भाचीच्या लग्नासाठी, एकदा गावच्या सप्ताहासाठी. घरात कार्य असताना मी दवाखान्यात पडून राहायची नाही, हे अख्ख्या वाघोलीला माहीत आहे. यावेळी मात्र सून हटून बसली. वैष्णवी खराडीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. म्हणाली, "आई, आता तारीख हलवायची नाही. काहीही झालं तरी." तिने माझ्याशी एवढ्या चढ्या आवाजात बोलायची ही पहिलीच वेळ.

गेले पंधरा दिवस माझं जेवण बिनआयोडीनच्या मिठाचं. ते मीठ वैष्णवीनेच कुठून कुठून शोधून आणलं आणि ऑफिसला जायच्या आधी माझा स्वयंपाक वेगळा केला. करते सगळं, नाही म्हणवत नाही. रोजच्या गोळ्याही बंद केल्यात, त्यामुळे अंग सुजलंय आणि डोकं जड झालंय. डॉक्टर म्हणाले, चिडचिड वाढेल. घरच्यांना फरक कळेल का, हे विचारायचं राहिलं.

१० ऑगस्ट, सोमवार

आत आले. खोली बरी आहे, पण खिडकी उघडत नाही. पलंगापासून लांब, दाराजवळ जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय. भेटायला येणाऱ्याने तिच्यापलीकडे उभं राहायचं, तेही थोडा वेळ.

इथलं सगळं अनंत नावाचे एक साहेब बघतात. अस्सल पुणेरी माणूस, हसायचं झालं तरी मापात. सकाळी टेबलापाशी त्यांनी विचारलं, "घरात लहान मुलं आहेत? कोणी गरोदर?" मी म्हटलं, "नाही हो, आमच्या घरात कोणी नाही." तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या वैष्णवीच्या हातून फाईल पडली, सगळे कागद फरशीवर. अलीकडे फार धांदरट झालीय.

आणि असतं कोणी, तरी मी चारचौघांत थोडंच बोलले असते! गेल्या वर्षी वैष्णवीला दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले. कुणाची नजर लागली देव जाणे, आठ दिवसांत सगळं संपलं. पोर महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. तेव्हाच मी घरात नियम घातला. पुन्हा दिवस गेले तर तीन महिने भरल्याशिवाय ओठ उघडायचे नाहीत. अगदी मलासुद्धा सांगायचं नाही. माझ्या आईच्या घरीही हेच होतं आणि आम्ही सात भावंडं जगलो.

ह्यांची तर कमालच. पुण्यात स्वाईन फ्लूने उच्छाद मांडलाय, जो तो तोंड बांधून फिरतोय. हे आले ते नाकावर हिरवा मास्क आणि गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी घालून. वर म्हणतात, "आता काय बी धास्ती न्हाई, बंदोबस्त हाय." अनंत साहेबांनी पुरचुंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, कापूर देवापुढे ठेवा. हा आजार नाही, हे किरण आहेत, नाकातोंडातून जात नाहीत. लांब उभं राहायचं आणि लवकर निघायचं. दुसरा उपाय नाही." ह्यांनी मान डोलावली, पण पुरचुंडी काढली नाही.

दुपारी शिशाच्या जाड डबीतून गोळी आली. देणाऱ्याचा हात लांब, डबी जड, गोळी मात्र एवढीशी. गिळली. काहीच झालं नाही. मग दार लागलं आणि पलीकडे पावलं लांब जाताना ऐकू आली, तेव्हा मात्र रडू आलं.

११ ऑगस्ट, मंगळवार

पाणी प्यायचं, आंबट गोळ्या चघळायच्या आणि पुन्हा पाणी प्यायचं. आंबट खाल्लं की लाळ सुटते, लाळेच्या गाठींना औषधाचा त्रास होत नाही. वैष्णवीने रणजितबरोबर लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट पाठवलं. पाकीट फोडलेलं, निम्म्या गोळ्या गायब! रणजितला विचारलं तर म्हणतो, "वैष्णवीने खाल्ल्या, गाडीत." आजारी बाईच्या गोळ्यांवर डोळा. लहान आहे का ती आता?

ती स्वतः आली नाही. रणजित पट्टीमागे उभा राहून म्हणाला, "खाली थांबलीय." मी म्हटलं, "इथवर आली तर दोन जिने चढवत नाहीत का?" तो पायांकडे बघायला लागला. हा लहानपणी पाटी हरवली की असाच उभा राहायचा.

फोनवर मात्र बोलली. "आई, पाणी पिताय ना? गोळी उलटून नाही ना पडली?" दहा प्रश्न. मी म्हटलं, "वर येऊन बघ की." मग म्हणाली, "माझ्या टीममध्ये एकाला स्वाईन फ्लू निघालाय, तुम्हाला नको." ह्यांचा कापूर आणि हिचा फ्लू. ज्याची त्याची पुरचुंडी.

१३ ऑगस्ट, गुरुवार

सुटले. अनंत साहेबांनी यंत्र लावून मला मापलं, माझ्या वहीलाही मापलं. वही निर्दोष सुटली. मला अटी आहेत. मोठ्या माणसांपासून आठवडाभर हातभर नव्हे, चांगलं लांब राहायचं. झोपायला वेगळी खोली, न्हाणीघर वेगळं, ताटवाटी वेगळी. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून तीन आठवडे. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी म्हटलं, "साहेब, एकदा सांगितलेलं मला कळतं, मी शिक्षिका होते." ते म्हणाले, "म्हणूनच दोनदा सांगितलं. शिक्षक ऐकत नाहीत."

घरी येऊन थेट वरच्या खोलीत. पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेली ही खोली, पाहुणी मीच निघाले. खिडकीसमोर आमचं कांद्याचं वावर होतं, तिथे आता बिल्डरच्या अकरा मजल्यांचा सांगाडा उभा आहे. दिवसभर काँक्रीटचं मशीन घरघरतं.

वैष्णवी घरात नाही. बिबवेवाडीला माहेरी गेलीय.

१६ ऑगस्ट, रविवार

हे जेवणाचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतात, दार वाजवतात आणि खाली उतरून ओरडतात, "भाकर गरम हाय गं, लगी खा." मग जिन्याच्या तळाशी बसून राहतात, माझं खाऊन होईपर्यंत. वरून मला त्यांची फक्त टोपी दिसते. लग्नानंतर ह्यांनी मला एवढा वेळ कधी दिला नव्हता.

पण चार भिंती त्या चार भिंतीच. पलंग, खिडकी, न्हाणीघर, पुन्हा पलंग. टीव्ही पाहिला, कंटाळा आला. माझीच ताटवाटी मी धुते, माझेच कपडे मी वेगळे वाळत घालते. दांडीवरून हात काढताना वाटतं, या हातातून खरंच काही निघतंय का? दिसत तर काहीच नाही. दिसलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

नणंदबाई, मुक्ताबाई, येऊन गेल्या. तोंडाला मास्क, वरून पदर. अंगणातूनच बोलल्या, आवाजाला त्यांच्या लांबचं अंतर काहीच नाही.

"कशी हायेस मैना?"

"आहे. किरण सोडत बसलेय."

"आन् सून कुटं गेली?"

"माहेरी."

"हां." एवढंच म्हणाल्या, पण त्या 'हां'मध्ये दीड शेर मीठ होतं. मग म्हणाल्या, "शिकल्याली हाय बाई ती. कॅन्सर लागत आसंल म्हनून ग्येली आसंल. तिला नेटावर सगळं दिसतं. आपल्याला काय कळतंय?"

त्या गेल्या आणि मी विचार करत बसले. महिनाभर झाला, वैष्णवीने स्कूटी सोडलीय, रणजित गाडीने खराडीला सोडतो. सकाळी स्वयंपाकघरात आली की फोडणीच्या वासाने तोंड फिरवते. माझ्या हातचा चहा नको म्हणते. म्हणजे दवाखान्याच्या आधीपासूनच. तिला माझी किळस येते. माझ्या गळ्यावरच्या वणाची, माझ्या आजाराची. मीठ शोधून आणलं, वेगळा स्वयंपाक केला, ते कर्तव्य. कर्तव्य करणारी माणसं मला कळतात, मीही चाळीस-चाळीस पोरांचे शेंबूड पुसलेत. पण किळस येत असताना नव्हे.

रणजितने मगरपट्ट्याकडे फ्लॅट बघितलाय, असंही कानावर आलं होतं. आता दुवे जुळले.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडा संपला. मी अंघोळ करून, चांगलं पातळ नेसून जिना उतरू लागले. रणजित मधेच आडवा.

"आई, अजून थोडे दिवस वरच राहा."

"साहेबांनी आठवडा सांगितला होता. झाला."

"हो, पण... गौरी-गणपतीला वैष्णवी घरी येईल ना."

"मग? ती काय लहान मूल आहे?"

तो पुन्हा पायांकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तिला माझी भीती वाटते?" नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तसंच समज." बायकोसाठी आईला वर कोंडणारा मुलगा मी माझ्याच पोटी वाढवला.

दाराला बाहेरून कडी नाही, कुलूप नाही. तरी मी परत वर आले. भांडून खाली बसता आलं असतं, पण नको असलेल्या ठिकाणी बसायला माझे पाय उचलत नाहीत. पलंगावर पडून राहिले. ह्यांनी ताट ठेवलं, मी उचललं नाही. तळाशी टोपी बराच वेळ हलली नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

काल गणपती बसला. आरती मी जिन्यावरून ऐकली. टाळ्या वाजवल्या, पण कुणाला ऐकू गेल्या नसतील.

मनाशी ठरवलंय. परवा गौरी येणार. आमच्यात गौरी सुनेनेच तुळशीपासून देवापर्यंत आणायच्या, तेव्हा वैष्णवीला यावंच लागेल. गल्लीतल्या बायका जमतील. मी खाली उतरणार आणि सगळ्यांसमोर तिला पोटाशी धरणार. बायकांदेखत कशी मागे सरते ते बघतेच. सरली तर जगाला कळेल आणि नाही सरली तर माझा प्रश्न मिटला. कॅन्सर लागत नाही, हे तिला माझ्या मिठीतूनच कळू दे.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२६ ऑगस्ट, बुधवार

आजच लिहून ठेवते.

दुपारी बायका जमल्या. दारापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. वैष्णवी तुळशीपासून निघाली, हातात गौरीचा मुखवटा, मागे मुक्ताबाई वाटी वाजवत होत्या. "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." मी जिन्यावरून उतरले. कुणाचं लक्ष नव्हतं. थेट तिच्या वाटेवर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले.

वैष्णवीने मला पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. मागे बायकांची गर्दी, सरायला जागा नव्हती. मी आणखी पुढे झाले. तिने अंग एका बाजूला वळवलं, मुखवटा खाली घेऊन पोटापुढे धरला आणि दुसरा हात त्याच्या आत, पोटावर घट्ट.

"आई, तिथंच थांबा. तुमच्या पाया पडते, तिथंच थांबा."

मुक्ताबाईंची वाटी थांबली. तिच्या डोळ्यांत किळस नव्हती. मी इतक्या जवळून पाहिलं की चुकणं शक्य नाही. किळस नव्हतीच. व्यायलेली म्हैस रेडकापुढे जशी आडवी उभी राहते तशी ती उभी होती.

लिंबाच्या गोळ्या. स्कूटी. फोडणीचा वास. टेबलापाशी पडलेली फाईल. "आमच्या घरात कोणी नाही," असं मी तिच्या शेजारी उभी राहून, तिच्या वतीने, ठणकावून सांगितलं होतं.

माझे पाय आपोआप मागे गेले. भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले.

मुक्ताबाईंना ती संधी. "आगं, सासू हाय ती तुजी, काय वाघीण हाय व्हय? लक्षुमी घरात येताना असं बोलत्यात?" वैष्णवीचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. कसा फुटेल? बायकांनी अंगण भरलेलं आणि नियम माझा.

मी म्हटलं, "मुक्ताबाई, तिला काही बोलू नका. माझ्या औषधाचा अंमल अजून गेलेला नाही, मीच तिला लांब राहायला सांगितलंय. मीच विसरले. तुम्ही गौरी आत घ्या, वेळ होतोय."

"तू आन् इसरलीस?"

"वय झालं. तुमचंही होईल."

वाटी पुन्हा वाजू लागली. मी भिंतीच्या कडेकडेने जिना गाठला. वर येऊन दार लावलं आणि जमिनीवर बसले. किती जवळ गेले होते मी? दोन हातांवर? त्याहून कमी? त्या एवढ्याशा जिवाला काही झालं तर मी काय करू? देवा, माझ्या अंगातलं काय ते माझ्या अंगातच राहू दे.

२७ ऑगस्ट, गुरुवार

दहा वाजता दवाखान्याला फोन लावला. अनंत साहेब आले.

"साहेब, समजा एखादी गरोदर बाई माझ्यासमोर दोन हातांवर उभी राहिली. काल. दोन-चार क्षण."

"समजा?"

"समजा."

"तर काही बिघडत नाही. आता दोन आठवडे उलटले, तुमच्या अंगात फार उरलेलं नाही, आणि वेळही क्षणभराचा. रोज शेजारी बसणं, एका अंथरुणात झोपणं, ते टाळायचं. तीन आठवडे पुरे करा, मग खुशाल भेटा."

मी पदराने डोळे पुसले. फोनवर दिसत नाही ते बरं. मग ते म्हणाले, "बाई, हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"आमच्यात पहिले तीन महिने सांगत नाहीत."

"छान. आणि आमच्यात पहिल्या दिवशीच विचारतात."



मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला सूनबाईंनी सांगितलं?"

"नाही. मला दिसलं."

"मग आता बोलायला हरकत नाही. त्यांनी त्याच सकाळी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं. मीच त्यांना वर यायचं नाही म्हणून बजावलं आणि माहेरी राहा म्हटलं. कालच्या गौरींबद्दलही आधी फोन करून विचारलं होतं त्यांनी, किती लांब राहू म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"त्यांनी हात जोडले होते. म्हणाल्या, आईंना कळलं तर त्या औषध तिसऱ्यांदा पुढे ढकलतील. बाळंतपण होऊ दे म्हणतील. तेवढं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका."

फोन ठेवला. खरंच ढकललं असतं मी. आनंदाने ढकललं असतं, आणि वर तिलाच सांगितलं असतं, तू गप्प बस.

किळस म्हणे! शाळेत पोरांचे पेपर तपासताना उत्तर न वाचता शून्य दिलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं. इथे मी इतके दिवस तेच केलं.

संध्याकाळी जिन्याच्या तळाशी बांगड्या वाजल्या. ह्यांची टोपी नव्हती, वैष्णवी होती. खाली मान घालून उभी.

"आई, जेवलात?"

"जेवले. गौरीला पुरणपोळी चांगली झाली होती. तू केलीस?"

"हो." मग रडवेल्या आवाजात, "आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. कालचं..."

"तीन महिने भरले का?"

तिने दचकून वर पाहिलं. मी वरच्या पायरीवर, ती तळाशी. मधला सगळा जिना रिकामा.

"...नाही अजून."

"मग मला काही सांगू नकोस. मला काही माहीत नाही. भरले की सांग, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकेन आणि चांगली ओरडेन आनंदाने. आता घरात थांबू नकोस, रणजितला म्हणावं गाडी काढ, बिबवेवाडीला सोड. सावकाश चालवायला सांग, नगर रोडला खड्डे आहेत."

ती हसली की रडली ते एवढ्या लांबून कळलं नाही. जाताना दोनदा वळून पाहिलं.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि आतून कडी घातली. उगाच माझ्या मनात आलं आणि मी उतरले, असं पुन्हा व्हायला नको. मनाचा काय भरवसा? खिडकीबाहेर अकरा मजल्यांच्या सांगाड्यावर माणसं अजून काम करत होती.

जरा वेळाने ह्यांनी दार ढकलून पाहिलं. "कडी कुनी लावली गं?"

"मीच लावलीय. तीन आठवडे पुरे झाल्याशिवाय काढायची नाही. ताट पायरीवर ठेवा. आणि उद्या बाजारातून लिंबाच्या आंबट गोळ्या आणा. चांगली दोन-चार पाकिटं आणा."

"तुला आता कशाला? तुजं चघळायचं संपलं न्हवं?"

"मला नकोत. खाली, फडताळात ठेवा."

"मंग कुनासाठी?"

"सांगेन," मी दाराआडून म्हटलं, "पुढच्या महिन्यात."